आकडा खाली आणायला वाक्यं मोडू नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. एम.ए. इंग्रजीच्या प्रबंधात स्वतः केलेला मराठी कथेचा अनुवाद, आणि तपासणीच्या अहवालात '४२ टक्के एआय'. वाक्यं बदलून आकडा उतरवू का, विचारतेयस. नको. मी तेच करून बसलेय. (मोठी आहे म्हणून अगं-तुगं, राग मानू नकोस.)

माझ्या प्रबंधासाठी मी अनुवादलेल्या कथेत 'तिची ओटी भरली' असं होतं. यंत्राला विचारलं तर त्याने घराची ओटी धरली आणि 'पोर्च' भरून दिला! तांदूळ, खण, नारळ तळटीप न देता इंग्रजीत कसे बसवायचे, यावर नौपाड्यातल्या खोलीत तीन रात्री गेल्या. वहीत पाच खर्डे झाले. ती वही माळ्यावर होती. ती दाखवायची सोडून मी सरळ वाक्यं मुद्दाम वाकडी केली, आर्टिकलं खाल्ली, नेमके शब्द काढून भोंगळ घातले. आकडा उतरला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांचा पहिलाच प्रश्न : तुमचं इंग्रजी इतकं कच्चं कसं? काय सांगणार, कप्पाळ? गुण गेले ते गेलेच.

नंतर तक्रारीचा अर्ज द्यायला गेले, त्या ऑफिसचं तर विचारूच नकोस. खिडकीवर म्हणायचे गाइडकडे जा, गाइड म्हणायचे खिडकीवर लेखी द्या. अर्ज घेतला, पोच दिली नाही. तू पोच घेतल्याशिवाय हलू नकोस.

त्या आकड्याविरुद्धच्या अर्जात हे घाल : चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच एआय ओळखणारं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात साधनांतून तपासले. माणसांनी लिहिलेले, तरी सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्राचे ठरले. आपलं साधं, ठरावीक शब्दांतलं इंग्रजी या साधनांना संशयास्पद वाटतं, गंमतच आहे. सोबत खर्डे जोड, गूगल डॉक्सवर लिहिलं असशील तर जुन्या आवृत्त्यांचे स्क्रीनशॉटही.

तुमच्या विद्यापीठाचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी वाच. आणि कुठे खरंच यंत्राची मदत घेतली असेल, अगदी एका शब्दापुरती, तर मनोगतात लिहून टाक. माझं मत विचारशील तर अनुवादाच्या पेपरात खर्ड्यांनाच गुण हवेत, पण माझं कोण ऐकतंय!

कळव्यालाच आहेस ना? वही अजून आहे, हवी तर दाखवते. अर्जाला कसे खर्डे जोडायचे याचा नमुना म्हणून पाचवं पान बघ, तिथे 'ओटी' चारदा खोडलीय.