वारा पडला की गलबतं गुराबेला ओढतात

शिडाची लढाऊ जहाजं आणि त्यांचे व्हिडिओ गेम्स यांवर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. मी उद्यमनगरात 34 वर्षं पॅटर्नमेकर होतो. फाउंड्रीसाठी लाकडाचे नमुने करणं हा माझा धंदा, आणि घरी आल्यावर त्याच हत्यारांनी जहाजांच्या प्रतिकृती करणं हा छंद. गेम्स पुतण्यामुळे खेळायला लागलो, आता तो पुण्याला गेला तरी खेळतो. या दोन्हींच्या अनुभवावर उत्तरं देतो आहे.

काका, मी आणि माझा भाऊ मिळून आंग्र्यांच्या आरमारावर एक छोटा गेम बनवतोय. भाऊ म्हणतो, त्यांचं लढाऊ जहाज, म्हणजे गुराब, लहान दिसते, तिला तीन मजले तोफा देऊ, नाहीतर कोण खेळणार? मला ते पटत नाही, पण त्याला काय सांगू ते कळत नाही. खरी गुराब कशी होती? – अकरावीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

बाळ, तीन मजले अजिबात देऊ नकोस. तुझ्या मनाला जे पटत नाही ते बरोबर आहे, आणि भावाला सांगायला आता मी तुला भरपूर देतो.

गुराबेचं सगळ्यात बारकाईचं वर्णन आंग्र्यांच्या शत्रूकडच्या माणसानं करून ठेवलंय. रॉबर्ट ओर्म हा ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार. तो सांगतो, दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण 150 टनांची, तीन डोलकाठ्यांची 300 टनांपर्यंत. लांबीच्या मानानं खूप रुंद, आणि बुडाखाली पाणी फार कमी लागेल अशी बांधलेली. मधून पुढं निमुळती होत गेलेली, आणि टोकाला युरोपी जहाजासारखी गोल छाती नाही, तर पुढं आलेली लांब, सपाट नाळ. या नाळेच्या मागं एक आडवी भिंत. भिंतीत दोन भोकं, आणि त्यांतून नाळेवरून सरळ पुढं मारा करणाऱ्या दोन तोफा, 9 किंवा 12 पौंडी गोळ्याच्या. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, 6 ते 9 पौंडी.

आता एक बारीक गोष्ट, जी तुझ्या गेमच्या चित्रात दिसलीच पाहिजे. नाळेवरच्या डेकला कठडे नव्हते. मी पहिली प्रतिकृती केली तेव्हा मला वाटलं, वर्णनात काहीतरी राहून गेलं असणार, एवढ्या पुढच्या भागाला कठडा नाही असं कसं? म्हणून मी सागाच्या पट्ट्यांचे छान कठडे बसवले. जून महिन्यात संध्याकाळी रंकाळ्यावर पश्चिमेचा वारा चांगला असतो, तिथं ती सोडली. समोरून लाट आली की नाळ पाण्यात घुसायची, कठड्याच्या आत पाणी साठायचं, नाक जड व्हायचं आणि पुढच्या लाटेत ती आणखी खोल जायची. चौथ्या-पाचव्या लाटेला मी दोरी ओढून तिला काठावर घेतली. घरी येऊन कठडे काढले. दुसऱ्या दिवशी तीच गुराब, तेच पाणी, नाळ घुसली की पाणी दोन्ही बाजूंनी धो धो वाहून जायचं आणि ती पुन्हा वर यायची. त्या जहाजात कुठलीही गोष्ट राहून गेलेली नव्हती. ज्या सुतारांनी ती काढली त्यांना आपला समुद्र माहीत होता.

भाऊ विचारील, दोनच तोफा पुढं, मग लढायचं कसं? लढाईची पद्धत ऐक, ती कुठल्याही गेमपेक्षा सरस आहे. शत्रूचं जहाज दिसलं की गुराबा आणि वल्ह्यांवरही चालणारी लहान गलबतं बंदरातून सुटायची. वारा असला तर शिडांवर, आणि वारा पडला तर गलबतं गुराबांना दोरानं ओढत न्यायची. एका गलबताला 40-50 वल्ही, ताशी 4 मैल वेग. मोठं युरोपी जहाज अशा वेळी शिडं लोंबकळत जागच्या जागी उभं. गुराबा त्याच्या बाजूला जायच्याच नाहीत, कारण बाजूला तोफांची रांग. त्या पिछाडीला जमायच्या आणि लांबून डोलकाठ्यांवर नेम धरायच्या. तिन्ही डोलकाठ्या जवळजवळ एका रेषेत दिसू लागल्या की त्या क्षणी तोफ डागायची, म्हणजे पहिली चुकली तर गोळा दुसरीला नाहीतर तिसरीला लागणार. काठ्या पडल्या की जवळ यायचं. तरीही जहाज नमलं नाही तर माणसांनी भरलेली गलबतं चारी बाजूंनी एकदम भिडायची.

सांग भावाला, यापेक्षा चांगला खेळ तो कुठं शोधणार आहे? खेळणाऱ्यानं मागं राहायचं, तीन काठ्या एका रेषेत येण्याची वाट बघायची, आणि समोरचा वळायच्या आत डागायचं. यात हाताचं कसब आहे, धीर आहे, आणि सगळं खरं आहे.

2013 साली आलेला ‘असॅसिन्स क्रीड 4: ब्लॅक फ्लॅग’ मी दोनदा पूर्ण खेळलोय. त्यातला समुद्र बघताना अजूनही अंगावर काटा येतो. पण त्यातलं दोन काठ्यांचं ब्रिग वाऱ्याच्या तोंडावर धरलं तरी चालत राहतं. चौकोनी शिडांचं खरं जहाज वाऱ्याच्या दिशेपासून साधारण 65-70 अंशांच्या आत येऊच शकत नाही, त्याला नागमोडी जावं लागतं. त्या ब्रिगवर मॉर्टर, म्हणजे उखळी तोफाही आहेत, आणि खरे मॉर्टर खास त्यासाठी बांधलेल्या जहाजांवर असत, कारण त्यांच्या धक्क्यानं साधा डेक फुटेल. वारा सोपा केला की सगळी जहाजं एकसारखी होतात, मग मोठंच जहाज चांगलं ठरतं, आणि मग तुझ्या भावासारख्या हुशार मुलाला गुराब लहान वाटते. तुमच्या गेममध्ये वारा पडू द्या. खाडीच्या तोंडाशी पाणी उथळ ठेवा, म्हणजे मोठं जहाज वाळूत रुतेल आणि गुराब आत निघून जाईल. शक्य असेल तर पावसाळाही आणा. त्या महिन्यांत आरमार बंदरात छावणीला असायचं, दुरुस्ती आणि लाकूड जमवणं तेव्हाच.

2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची सत्ता घेऊन खेळता येतं, समुद्रातल्या लढाईत वाऱ्याची दिशाही धरावी लागते. तो एकदा खेळून बघ.

आणि आग विसरू नकोस. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गावर इंग्रजांचा हल्ला झाला तेव्हा तुळाजी आंग्र्यांची गलबतं-गुराबा बंदरात एकमेकांना लागून बांधलेल्या होत्या. ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफेचा पेटता गोळा पडला. हे जहाज आंग्र्यांनीच काही वर्षांपूर्वी इंग्रजांकडून जिंकून आणलेलं. तिथून आग पसरली आणि सगळं आरमार एका दिवसात जळालं. हे लिहिताना आजही हात जड होतो.

गेममध्ये चार-पाच फैरी मारल्या की समोरचं जहाज बुडतं. लाकडी जहाज खरंच इतक्या लवकर बुडायचं का? – यंत्रमाग कारखानदार, इचलकरंजी

नाही, साहेब. लाकूड पाण्यावर तरंगतं हे गेम करणारे बरेचदा विसरतात. 21 ऑक्टोबर 1805 ला ट्रफाल्गरच्या लढाईत एका बाजूला इंग्रजांची, दुसऱ्या बाजूला फ्रेंच-स्पॅनिशांची, अशी साठ मोठी जहाजं समोरासमोर होती, दुपारपासून संध्याकाळपर्यंत तोफा चालल्या. लढाईत फ्रेंच ‘आशिल’ हे एकच जहाज नष्ट झालं, तेही आग लागून स्फोट झाला म्हणून. बाकीची हरलेली जहाजं ताब्यात घेतली गेली, आणि त्यांतली बरीच नंतरच्या वादळात गेली.

मोठ्या तोफेचा 32 पौंडी गोळा म्हणजे साडेचौदा किलोचं बिडाचं कास्टिंग, व्यास साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास. तो ओकच्या जाड भिंतीतून गेला की भोक पडतं, पण लाकडाचे तंतू पुन्हा बरेचसे मिटतात, आणि पाण्याच्या रेषेवरचं भोक सुतार आतून ठोकून बंद करतो. खरा घात आतल्या बाजूला होतो. लाकडाच्या हातभर लांब ढलप्या उडतात आणि माणसं त्यांनी मरतात. जहाज तरंगत असतं, तोफा शाबूत असतात, पण त्या चालवायला माणूस उरत नाही. म्हणून पिछाडीचा मारा सगळ्यात वाईट. तिथं जाड भिंत नसते, काचेच्या खिडक्या असतात, आणि एकच गोळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळा डेक झाडत जातो.

आयुष्याची एकच पट्टी दाखवणाऱ्या गेमपेक्षा माणसं, शिडं आणि बूड वेगवेगळं मोजणारा गेम मला जास्त प्रामाणिक वाटतो. ‘सी ऑफ थीव्हज’ दिसायला लहान मुलांचा वाटेल, पण त्यात जहाजाला भोक पडलं की फळी ठोकावी लागते आणि बादलीनं पाणी उपसावं लागतं. घरच्यांबरोबर खेळून बघा.

मुलानं थ्रीडी प्रिंटरवर गेममधलं तीन मजली जहाज छापलं. रंगवलं पण भारी. पाण्यात सोडलं की लगेच आडवं होतं. – एक पालक, कसबा बावडा

दादा, मुलाला सांगा की राजांच्या जहाजाचंही हेच झालं. स्वीडनचं ‘वासा’, 64 तोफा, दोन मजले. 10 ऑगस्ट 1628 ला स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघालं आणि साधारण 1300 मीटर जाऊन बुडालं. वाऱ्याच्या एका झोतानं कललं, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. जहाज वरून जड आणि पाण्याखाली अरुंद होतं. निघण्याआधी 30 माणसांना डेकवर या कडेकडून त्या कडेला पळवून बघितलं होतं, जहाज इतकं हललं की ती चाचणी मध्येच थांबवली, आणि तरीही ते निघालं. 1961 मध्ये ते वर काढलं, आज तिथं त्याचं संग्रहालय आहे.

छापलेलं जहाज आतून पोकळ, त्यामुळे वजन सगळीकडे सारखं. खऱ्या जहाजात तळाशी दगड-लोखंडाचं वजन असतं आणि जड तोफा सगळ्यात खालच्या मजल्यावर. एका 32 पौंडी तोफेचं वजन अडीच टनांहून जास्त, ती वर ठेवून चालतच नाही. मुलाच्या जहाजाच्या तळात मधोमध शिशाचे छर्रे भरा आणि वरून राळ ओतून ते पक्के करा, सुटे ठेवले तर कललं की तेही त्याच बाजूला घरंगळतील. थोडे थोडे भरत जा, दरवेळी बादलीत बोटानं कलवून सोडा. सरळ उभं राहायला किती वेळ लागतो ते मुलालाच मोजू द्या. घाईघाईनं ताठ झालं तर वजन जास्त झालं. सावकाश, डौलात परत आलं की थांबा.

ओक चांगला की आपला साग? – वाचक, गडहिंग्लज

साग. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं, सागातलं तेल ते सांभाळतं, आणि साग कुजतही उशिरा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची लढाऊ नौका, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

माझ्या वर्गातली मुलं विचारतात, आपण डोंगरातले, आपला जहाजांशी काय संबंध? – शिक्षक, गगनबावडा

सर, हा प्रश्न तुमच्या गावातून यावा याचा मला आनंद झाला. बावड्याचे पंत अमात्य, रामचंद्रपंत, यांच्या आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं आहे. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग, असं ते सांगतात. तरांडी, म्हणजे जहाजं, फार मोठी नकोत, फार लहान नकोत, मध्यम असावीत, आणि वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी थोर जहाजं बांधायचं कारण नाही, हेही त्यात आहे. राजारामपुरीच्या मुलीला मी वर जे सांगितलं ते त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. झाडांबद्दलही लिहिलंय: रयतेची आंबा-फणसाची झाडं तिच्या मनाविरुद्ध तोडायची नाहीत.

आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर राज्याकडे होता. 1765 मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं, पुढच्या वर्षी परत केला. मालवण हातातून कायमचं गेलं ते 1812 च्या तहानं. तोवर करवीरचं निशाण समुद्रावर होतं.

मुलांना एकदा करूळ घाट उतरून तळेऱ्यावरून विजयदुर्गला न्या. किल्ला झाला की रामेश्वराकडे खाडीच्या काठी खडकात कोरलेली मराठ्यांची गोदी आहे, तिथं ओहोटीच्या वेळेला पोचा. एक लांब काठी बरोबर ठेवा, आणि पाण्याची खोली मुलांनाच मोजू द्या.