एकाच सागवानी ओंडक्याच्या फळ्यांवरची नक्षी वेगवेगळी का दिसते?

हा फरक करवतीच्या दिशेमुळे पडतो. ओंडका एका बाजूने सरळ कापत नेल्यास बाहेरच्या फळ्यांत वाढीची वलये पृष्ठभागाला जवळजवळ समांतर राहतात आणि मधोमध एकात एक शिरलेल्या कमानींची नक्षी उमटते. तोच ओंडका आधी चार भागांत चिरून फळ्या गाभ्याकडून सालीच्या दिशेने काढल्या, तर वलये पृष्ठभागाला ६० ते ९० अंशांत छेदतात व रेषा सरळ दिसतात. ओकमध्ये अशा कापाने चकाकते पट्टेही उघडे पडतात. वलयांच्या दिशेने लाकूड त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसते. सरळ रेषांच्या फळीची रुंदी त्रिज्येच्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या, दिशेत येते, त्यामुळे ती रुंदीत कमी आकसते. म्हणून दारासाठी, नासाडी अधिक व भाव चढा असला तरी, मी सरळ रेषांचीच फळी सुचवेन. घेताना फळीचे टोक अवश्य पाहावे: तिथे वलये उभी दिसली पाहिजेत.