आजीचा वास उडून चालला आहे…

मावशी,
गेल्या माघात आजी गेली. तिची चोळी आणि नऊवारी लुगडं मी गावाहून पुण्याला आणलं. खोबरेल, मशेरी, चुलीचा धूर असा तो वास. रोज झोपताना हुंगायचे. आता वास येईनासा झालाय, त्यात आईने पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकल्या. भाऊ म्हणतो, वेड लागलंय. वास टिकवता येतो का?
– आजीची नात

प्रिय नात,
वेड लागलेलं नाही, हे भावाला सांग. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूतल्या थॅलॅमसमधून पुढे जातं. वासाला तो थांबा लागत नाही. नाकातून तो भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या अगदी शेजारी पोचतो. म्हणून ‘हा कसला वास’ हे कळण्याआधीच डोळे भरतात. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात. आजीच्या कुशीत झोपायचीस तेव्हाचं वय आठव.

आता चोळीकडे वळू. गोळ्या आजच काढ. चोळी धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही, इस्त्रीही नाही. सावलीत, पंख्याखाली दोनतीन तास पसरून ठेव. डांबरगोळीचा वास हवेने उडत जातो. तेलाचा आणि धुराचा त्यामानाने चिवट असतो. थोडा आजीचा वासही जाईल, पण गोळ्यांचा दर्प तसाच राहिला तर तो बाकी सगळं झाकून टाकेल.

मग काचेची बरणी घे, चोळी जेमतेम मावेल एवढीच, कारण आत जितकी मोकळी हवा तितका वास कापडातून सुटणार. लोणच्याची जुनी बरणी नको. काच धुतली जाते, झाकणातल्या रबरातला लोणच्याचा वास जात नाही. प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच, पातळ पिशवीतून वास आरपार जातो. बरणी आणि चोळी दोन्ही कोरडीठाक हवीत. थोडी ओल राहिली तरी बुरशी धरते, आणि कुबट वास आला की धुण्यावाचून गत्यंतर नाही. बरणी कपाटात अंधाऱ्या, थंड जागी ठेव आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, उघडूच नकोस. लुगड्याचं काय करायचं ते सावकाश ठरव. ते नेसलीस तरी चालेल.

आता थोडं कटू. वास उडाला त्यात गोळ्यांपेक्षा तुझ्या रोजच्या हुंगण्याचा वाटा मोठा असणार. दर वेळी पिशवी उघडली की हलके कण आधी निसटतात. शिवाय सलग हुंगलं की मिनिटाभरात नाक त्या वासाला सरावतं आणि ‘गेला, गेला’ असं वाटू लागतं. तो कापडात असतो, नाकच थकलेलं असतं. त्यामुळे तीनचार छोटे श्वास घ्यायचे आणि झाकण लावायचं. अजून एक नुकसान असं की मोबाइल चाळता चाळता रोज घेतलेला वास हळूहळू तुझ्या आत्ताच्या खोलीचा होऊन बसतो. वर्षातून दोनतीनदा पुरे. तिथी, दिवाळी, तिचा आवडता सण.

तरी कापडातला वास कधीतरी विरणारच. म्हणून तो आत्ताच कागदावर उतरव. आपल्या भाषेत वासांना शब्दांची कमी नाही: खवट, उग्र, खरपूस, उबट, आंबूस. ‘छान वास’ असं लिहू नकोस. आईला, आत्याला विचार: तेल कुठल्या घाण्याचं, साबण कुठला, केसांना काय लावायची, ट्रंकेत कापूर होता का वेखंड?

त्या यादीवरून केसांच्या तेलाचा वास बऱ्यापैकी जमवता येतो. 100 मिली घाण्याचं खोबरेल, चमचाभर नागरमोथा, चमचाभर कपूरकाचरी, दोन्ही जाडसर कुटून. भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून अर्धा तास मंद आचेवर ठेव, मग गाळ. थेट आचेवर मसाला करपतो आणि करपटच तेवढा वास राहतो. रिफाइंड तेलाने काहीच साधत नाही, त्याचा मूळ वास काढून टाकलेला असतो. कापूर घालायचा तर गॅस बंद करून, तेल कोमट झाल्यावर, वाटाण्याच्या निम्म्याएवढाच. जास्त झाला की देवघराचा वास येतो. कापूर पोटात गेला तर विषारी, त्यामुळे बाटली लहान मुलांपासून दूर ठेव. तेलाचे दोन थेंब जुन्या सुती फडक्यावर टाकून बघ.

मशेरी मात्र भाजू नकोस. तो तंबाखूच आहे, फ्लॅटमध्ये त्याचा धूर सगळ्यांच्या छातीत जाईल. ती जागा वासात रिकामी राहिली तरी चालेल.

झोप उडाली असेल, कामावर जावंसं वाटत नसेल, तर ते बरणीने सुटणारं नाही. 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, पैसे लागत नाहीत.

आणि बरणीवर आजच चिठ्ठी चिकटव, ‘धुवायची नाही’. दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या हाताला आधी हेच लागणार.

– मावशी