सीट मिळेल हो, पण वॉर्ड मिळेल का?

परभणी जिल्ह्यातल्या एका आशाताईंचं पत्र आलं आहे. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, ६४ टक्के. नीटमध्ये एमबीबीएसच्या जवळपासही नाही. त्याला नर्सिंगला जायचंय. वडील म्हणतात, "हे बायकांचं काम, लोक हसतील." तालुक्यातला एक एजंट दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगची सीट देतोय, तीही "परीक्षेपुरतं या, हजेरीचं आम्ही बघतो" या बोलीवर. त्याला पाच हजार टोकन देऊन झाले आहेत. पुण्यातल्या खासगी हॉस्पिटलात काम करणारी पुतणी १४ हजारांवर राबतेय, त्याची ताईंना धास्ती. आणि शेवटी दोन प्रश्न: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं तर चालेल का, आणि जर्मनीत नर्सना नोकऱ्या आहेत म्हणतात ते खरं का?

ताई, नमस्कार. उपकेंद्रातल्या सिस्टरांबरोबर तुम्ही वर्षानुवर्षं लसीकरणाला बसता, त्यामुळे हे काम काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सरळ एजंटकडे येतो.

"हजेरीचं आम्ही बघतो" असं जो म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोलणंच नको. बाकीच्या कोर्सना लेक्चरं बुडवली तर फार तर विषय राहतो. इथे शिकायची जागाच वॉर्ड आहे. एक उदाहरण देतो. पोटाचं ऑपरेशन झालेला ६० किलोचा पेशंट, रात्रपाळी, लघवीच्या पिशवीत सहा तासांत ९० मिली. एक सिस्टर चार्टवर ९० लिहून पुढच्या खाटेकडे जाते. दुसरी थांबते. किलोमागे तासाला निदान अर्धा मिली हा ढोबळ हिशोब तिला पाठ असतो, म्हणजे तासाला ३०, सहा तासांत १८०. निम्मीच झाली आहे. ती आधी नळी कुठे दुमडली आहे का बघते, नाडी-बीपी घेते आणि डॉक्टरांना उठवते, ते चिडले तरी. पुस्तकात ही एक ओळ आहे. पण पहाटे तीन वाजता, डोळ्यांवर झोप असताना ती ओळ आठवायला आधी कुणा अनुभवी सिस्टरच्या हाताखाली अशा पुष्कळ पिशव्या मोजलेल्या असाव्या लागतात. किंवा पोटॅशियम क्लोराइड घ्या. ते सलाइनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचं असतं. तसंच शिरेत दिलं तर हृदय बंद पडू शकतं. घाईत हातात आलेलं अँप्युल लेबल वाचल्याशिवाय फोडायचं नाही, ही सवय परीक्षेपुरतं येणाऱ्याला कोण लावणार?

म्हणून कॉलेज निवडताना आधी त्याचं हॉस्पिटल बघा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साधारण १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय आणि एका विद्यार्थ्यामागे तीन पेशंट असं धरलेलं आहे. कागदावर हे सगळीकडे असतं. तुम्ही मुलाला घेऊन कामाच्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या सुमारास न सांगता जा. प्रिन्सिपॉलच्या केबिनमधल्या ढाली आणि लॅबमधले पुतळे नंतर बघता येतील. आधी वॉर्डात किती खाटांवर माणसं आहेत ते बघा. मग थर्ड इयरच्या पोरापोरींना चहाच्या टपरीवर गाठा. शेवटचं कॅथेटर कधी टाकलं, रात्रपाळी लागते का, केस बुक स्वतः लिहिता की मागच्या बॅचचं उतरवता, एवढं विचारा. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात पेशंट अचानक वाढतात का, हेही विचारा. पोरं हसली की उत्तर मिळालं. कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता तर तपासायचीच. महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगचं विद्यापीठ नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. बाहेरच्या राज्यात शिकलं तर आधी तिथल्या कौन्सिलची नोंदणी, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची, असे दोन उंबरे झिजवावे लागतात. शिवाय महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या बहुतेक शिष्यवृत्त्या सरकारी प्रवेशफेरीतून गेलेल्यांना मिळतात. एजंटच्या मॅनेजमेंट सीटवर त्यांची आशा धरू नका.

मुलाच्या बाबांना जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात तासभर बसवा. दारू पिऊन आलेला पेशंट आवरणं, नव्वद किलोच्या माणसाला स्ट्रेचरवर घेणं, आयसीयूत व्हेंटिलेटर सांभाळणं, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, या सगळ्या ठिकाणी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, लागतात. पण मुलाला एक गोष्ट आजच सांगा, नंतर कळून उपयोग नाही. एम्सच्या नर्सभरतीत ८० टक्के जागा महिलांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी, असं धोरण २०१९ मध्ये ठरलं. म्हणजे मेरिट त्याला मुलींपेक्षा वरचं आणावं लागेल. अन्याय वाटेल, वाटू दे. अभ्यास त्या हिशोबाने करावा.

पुतणीच्या १४ हजारांबद्दल मी सारवासारव करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने सांगितलं होतं, की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला २० हजारांच्या खाली पगार नको, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारीइतका द्या. केरळने संप, आंदोलनं झाल्यावर २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून २० हजारांपासूनची श्रेणी लावली. आपल्याकडे ती शिफारस बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. वर रात्री एकेका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड. सरकारी नोकरीतही कंत्राटी भरती घुसली आहे, त्याविरुद्ध आपल्या परिचारिका २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या. तेव्हा पहिली दोन वर्षं कमी पगाराची जातील असं धरूनच चाला. मात्र ती कुठे घालवायची हे आपल्या हातात असतं. चार हजार कमी मिळाले तरी चालतील, पण मोठ्या हॉस्पिटलचा आयसीयू किंवा इमर्जन्सी धरावी. आणि बाँडच्या, म्हणजे अमुक वर्षं नोकरी सोडणार नाही अशा कराराच्या, नावाखाली मूळ सर्टिफिकेटं कुणी मागितली तर द्यायची नाहीत. पुतणीलाही विचारा, तिची कुठे आहेत?

आता जीएनएम की बी.एस्सी. जीएनएम वाईट नाही. तीन वर्षांचा कोर्स, बंद होणार अशी मध्यंतरी आवई उठली होती, पण चालू आहे. तरी तुमच्या मुलाकडे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आहे, मार्कही पात्रतेच्या वर आहेत, तर मी त्याला बी.एस्सी.लाच पाठवीन. कारण साधं आहे. नॉरसेट या एम्सच्या नर्सभरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेला नोंदणी होताच बसू शकतो, जीएनएमवाल्याला त्याआधी किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्या नोकरीचं मूळ वेतनच ४४,९०० आहे, भत्ते वेगळे. आणि जीएनएमनंतर पदवी हवीशी वाटलीच तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची आणखी दोन वर्षं, म्हणजे बी.एस्सी.च्या चार वर्षांऐवजी पाच होतात. घरची ओढाताण फारच असेल तर मात्र सरकारी जीएनएम डोळे मिटून घ्या. भाड्याच्या इमारतीतल्या बी.एस्सी.पेक्षा ते केव्हाही सरस.

जर्मनीचं खरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही येतात. पण तिथे नर्स म्हणून मान्यता मिळायला साधारण बी-२ पातळीचं, म्हणजे कामावर नीट बोलता-लिहिता येईल इतकं, जर्मन लागतं, ते दोन-तीन महिन्यांच्या क्लासने येत नाही. शिवाय ते लोक थिअरी किती तास आणि वॉर्डातलं प्रॅक्टिकल किती तास, याचा तपशील मागतात. कमी पडलं तर तिथे जादा प्रशिक्षण नाहीतर परीक्षा. एजंटने "बघितलेली" हजेरी तिथे पुढे येते. आखाताची वाट धरली तर भरती करणारा केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. अशा एजंटला कायद्याने ३० हजार रुपये आणि जीएसटी याच्या वर फी घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणाऱ्याला हाच नियम दाखवा.

मुलाने राज्याची बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली आहे का, हे पत्रात नाही. दिली असेल तर प्रवेशफेरीच्या तारखा रोज बघा आणि पसंतीक्रम भरताना गावाजवळचं कॉलेज आधी असं न करता मोठं हॉस्पिटल असलेलं आधी टाका. दिली नसेल तर सरकारी जीएनएमला यंदा प्रवेश कसा होतो ते विचारून तिथे प्रयत्न करा, नाहीतर एक वर्ष थांबून पुढची सीईटी द्या. वर्ष गेलं म्हणून घरात रडारड नको. तेवढ्यात इंग्रजी सुधारेल, नॉरसेटला ते लागतंच.

आणि ते पाच हजार. पावती असेल तर लेखी अर्ज देऊन परत मागा. त्याआधी मुलाची मूळ मार्कशीट किंवा टीसी एजंटकडे दिली असेल तर उद्याच जाऊन घेऊन या, एकट्या जाऊ नका, गावातल्या कुणाला तरी सोबत न्या. पैसे मिळाले तर मिळाले, कागद मात्र हातात घेतल्याशिवाय उठू नका.