चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो: हे वयाचं दुखणं की रक्तवाहिन्यांचं?

तुम्ही लिहिलंय की बाबा इंदूरच्या राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत गेले की पोटरी धरून उभे राहतात आणि दोन-तीन मिनिटांत बरे होतात. वय म्हणून हे सोडून देऊ नका. ठरावीक अंतरावर दुखणं आणि थांबताच उतरणं, ही पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते.

तपासणी सोपी आहे, सुई नाही. पाच-दहा मिनिटं आडवं झोपवतात, दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) वरचा रक्तदाब मोजतात. गार जेली लावली की यंत्रातून हुश्श-हुश्श आवाज येतो. माझ्या काकांच्या डाव्या पायाला तो अगदी क्षीण होता. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा: 1.0 ते 1.4 ठीक, 0.90 किंवा कमी म्हणजे आजार. बाबांना मधुमेह आहे म्हणून सांगतो, धमन्या कडक झाल्या तर आकडा 1.4 च्याही वर जातो, तो चांगला समजू नका. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

मुख्य म्हणजे, पायाच्या धमन्यांत जी चरबी साचलीय, ती हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही साचलेली असू शकते. तंबाखू आजच बंद. रोज रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट बघा. बसल्या जागीही दुखत असेल किंवा जखम भरत नसेल, तर उद्यावर ढकलू नका.