आईच्या पित्ताशयात खडे आहेत, दोनदा दुखून गेलंय. ऑपरेशन करावं की थांबावं?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: आईचं वय ५४, मधुमेह आहे, सोनोग्राफीत पित्ताशयात लहानमोठे बरेच खडे दिसले, त्यातला सगळ्यात मोठा ११ मिलिमीटरचा. वर्षभरात दोनदा रात्री पोटात जोरात दुखलं आणि दोन्ही वेळा इंजेक्शनने थांबलं. सर्जन म्हणतात काढून टाका. मामा म्हणतात, देवाने दिलेला अवयव कशाला काढायचा, काढ्याने खडे पडतात.

मी डॉक्टर नाही. पण माझं पित्ताशय काढलेलं आहे, आणि माझ्या सासूबाईंच्या पित्ताशयात माझ्यापेक्षा मोठा खडा असूनही त्यांचं काढलेलं नाही. दोघींना सल्ला एकाच सर्जनने दिला. त्यामुळे हा निर्णय कशावर ठरतो ते मी जवळून पाहिलंय. तो मुख्यतः दुखण्यावर ठरतो. खडा केवढा आणि खडे किती, याला त्यामानाने कमी महत्त्व आहे.

सासूबाईंचा खडा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला. त्यांना कधी काही दुखलं नव्हतं. असे न दुखणारे खडे बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत; वर्षाला शंभरातल्या दोन-तीन जणांनाच पुढे दुखायला लागतं. म्हणून सर्जननी त्यांना सरळ घरी पाठवलं. याला अपवाद आहेत: तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, एक सेंटिमीटरच्या वर गेलेला पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरची वाढ), पित्ताशयाच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्यांचाही विचार वेगळा करावा लागतो. त्यांच्या रक्तपेशी लवकर फुटतात आणि कमी वयात खडे होतात, आणि हा आजार विदर्भात बराच आढळतो, तेव्हा तिथल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं. तुमच्या आईला मात्र दुखलंय, म्हणून सासूबाईंचा हिशोब तिला लागू होत नाही.

आता ते दुखणं कसं असतं ते सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. माझं लग्नाच्या जेवणानंतर रात्री सुरू झालं. आधी छातीच्या खाली मधोमध, मग उजव्या बरगडीखाली, तिथून पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत. बसून बरं वाटेना, आडवं होऊन वाटेना, ओट्याला धरून वाकून उभी राहिले तरी नाही. ढेकर आली, उलटी झाली, तरी उतरलं नाही. दोन-तीन तास एकसारखं राहिलं आणि मग आपोआप ओसरलं. खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो, पित्ताशय त्याच्यावर आवळत राहतं, आणि खडा मागे सरकला की दुखणं थांबतं. तेलकट-तुपकट खाल्लं की पित्ताशय जास्त जोरात आवळतं, म्हणून पंगतीनंतरच्या रात्री हे दुखणं हमखास उठतं.

आईजवळ शांतपणे बसून विचारा, असंच होतं का? की तक्रार पोट फुगण्याची, करपट ढेकरांची, घशाशी जळजळण्याची आहे? तेवढंच असेल तर थांबा. त्या तक्रारींचा खड्यांशी संबंध असेलच असं नाही, आणि पित्ताशय काढल्यावरही त्या राहू शकतात. ऑपरेशन करूनही फरक पडला नाही असं सांगणारे जे भेटतात, त्यांतल्या अनेकांची मूळ तक्रार हीच असते. आणखी एक गोष्ट सगळ्यात आधी करा. वय ५४, मधुमेह आणि रात्री छातीखाली दुखणं, एवढं असताना ईसीजी झालेला नसेल तर तो उद्याच काढून घ्या. हृदयाचं दुखणं याच जागी येतं आणि मधुमेहात ते फसवं असतं.

समजा दुखणं खड्यांचंच निघालं, तरीही थांबण्याची बाजू अगदीच पोकळ नाही. ब्रिटनमध्ये सी-गॉल नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. खड्यांनी दुखतं पण बाकी गुंतागुंत नाही, अशा ४३४ जणांपैकी निम्म्यांना ऑपरेशन सुचवलं, निम्म्यांना लागेल तशी वेदनाशामकं देऊन थांबवलं. दीड वर्षात थांबलेल्यांपैकी साधारण पाव लोकांचंच ऑपरेशन झालं, आणि दुखण्याच्या एकूण हिशोबात दोन्ही गटांत फारसा फरक निघाला नाही. म्हणजे एखाद-दुसऱ्या दुखण्यानंतर कुणी म्हणालं, 'आम्ही जरा बघतो', तर त्याला कुणी वेड्यात काढू नये.

तरीही तुमच्या आईच्या बाबतीत मी ऑपरेशनच्या बाजूने आहे. तिचं दुखणं परत आलंय, खडे लहानमोठे आहेत, आणि लहान खडेच घसरून पित्तनलिकेत, म्हणजे पित्त आतड्याकडे नेणाऱ्या नळीत, उतरतात. तिथे अडकले तर कावीळ, स्वादुपिंडाला सूज, मग आधी एंडोस्कोपीने खडा काढायचा आणि त्यानंतर पित्ताशयाचं ऑपरेशन, अशी दुहेरी ओढाताण. नुसता मधुमेह आहे म्हणून न दुखणारं पित्ताशय काढत नाहीत, पण मधुमेहात पित्ताशयाला जंतुसंसर्ग झाला तर तो लवकर चिघळतो. माझ्या दुसऱ्या खेपेला ताप होता. सर्जननी उजव्या बरगडीखाली बोटं दाबून ठेवली आणि खोल श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यावरच अडकला. 'सूज आहे, आता घरी जायचं नाही,' एवढंच ते म्हणाले. सुजलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन जास्त किचकट असतं. साखर ताब्यात ठेवून, आपल्या सोयीची तारीख धरून केलेलं ऑपरेशन आणि मध्यरात्री दाखल होऊन केलेलं ऑपरेशन यांत फार अंतर आहे.

काढ्याचं. कुळथाचा काढा आणि भरपूर पाणी या गोष्टी मुतखड्यासाठी सांगितल्या जातात. मुतखडा लघवीच्या वाटेने पडतो. पित्ताशयातल्या खड्याला ती वाटच नाही. तो 'पडला' तर पित्तनलिकेत पडणार, आणि तेच तर आपल्याला नकोय. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन जे हिरवे गोळे बाहेर पडतात ते खडे नसतात, तेलाचेच साबणासारखे गोळे असतात. खडे विरघळवायला अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या आहेत, पण त्या कोलेस्टेरॉलच्या बारीक खड्यांनाच लागू पडतात, महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि बंद केल्यावर निम्म्या लोकांत पाच वर्षांत खडे परत होतात. मामांना दुखवू नका, पण एवढं त्यांना जरूर समजावून सांगा.

अवयव काढल्यावर पचनाचं काय, ही भीती मलाही होती. पित्त यकृतात तयार होतं आणि ते रोज तयार होतच राहतं. पित्ताशय ही फक्त मधली टाकी. ती गेली की पित्त थेंबाथेंबाने थेट आतड्यात उतरतं. काहींना सुरुवातीला जुलाब होतात, बहुतेकांचे ओसरतात, थोड्यांना जास्त काळ जपून खावं लागतं. मी आज पुरणपोळीवर तूप घेऊन जेवते.

पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन आता नवीन राहिलेलं नाही. डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतातलं पहिलं केलं ते १९९० साली. पूर्ण भूल, पोटावर बहुधा चार छोटी छिद्रं, आणि सगळं सुरळीत असेल तर एक-दोन दिवसांत घरी. मला टाक्यांपेक्षा उजवा खांदा जास्त दुखला. पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे असं होतं आणि ते जातं. खरा धोका पित्तनलिकेला इजा होण्याचा. तो हजारात तीन ते पाच जणांना, पण झाला तर मोठा. म्हणून सर्जनना स्पष्ट विचारा: महिन्याला अशी किती ऑपरेशनं करता? आत अवघड निघालं तर काय करता? 'गरज पडली तर पोट उघडून करेन,' असं जो सरळ सांगतो त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो. खर्चाचंही आत्ताच बघा. बऱ्याच आरोग्य विम्यांत पित्ताशयाच्या खड्यांना पहिली दोन वर्षं प्रतीक्षाकाळ असतो.

तारखेआधी यकृताच्या रक्तचाचण्या आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी चाचणी) होऊ द्या. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रक्तातलं पिवळं द्रव्य) वाढलेलं असेल किंवा पित्तनलिका फुगलेली दिसत असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून नलिकेत खडा नाही ना, हे आधी पाहावं लागतं. काढलेलं पित्ताशय पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा आणि तो रिपोर्ट आठवणीने घेऊन या. खडे बाटलीत घालून देतात, ते सगळे हौसेने बघतात. माझे फिकट पिवळे होते, एकमेकांवर घासून कडा सपाट झालेले. रिपोर्ट मात्र लॅबमध्येच पडून राहतो. क्वचित का होईना, कॅन्सर त्यातूनच कळतो.

तोवर आईला तळलेलं कमी द्या, पण लंघन किंवा झटपट वजन उतरवण्याचे प्रयोग नकोत, त्याने खडे वाढतात. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, दुखणं पाच-सहा तासांच्या वर गेलं किंवा पाठीत आरपार जाऊन उलट्या थांबेनात, तर इंजेक्शन घेऊन घरी परतू नका. त्याच रात्री सर्जन असलेल्या रुग्णालयात न्या, आणि जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट व मधुमेहाच्या गोळ्यांची यादी बरोबर ठेवा.