ताण पडताच रंग बदलणारे प्लास्टिक

प्रश्न : आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. क्रेट आपटला किंवा दबला, की त्याच्या कोपऱ्याशी पांढरा चट्टा उमटतो आणि पुढे तो तिथेच तडकतो. ताण पडताच रंग बदलणारे प्लास्टिक तयार झाल्याचे वाचले. ते या चट्ट्याहून वेगळे कसे, आणि ठिबकच्या नळीत वापरता येईल का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. प्लास्टिक मर्यादेबाहेर वाकले, की त्यात अतिसूक्ष्म पोकळ्या पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि तो भाग पांढरा दिसतो. म्हणजे चट्टा दिसेपर्यंत इजा होऊन गेलेली असते.

आपण वाचलेल्या प्लास्टिकमध्ये ताणाची खूण खुद्द रेणूत असते. प्लास्टिकच्या लांबलचक रेणूसाखळीत स्पायरोपायरन नावाचा रेणू गुंफलेला असतो. साखळीवर ओढ आली, की त्यातला कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला कमकुवत बंध तुटतो, वलय उघडते आणि मेरोसायनिन हे गडद रंगाचे रूप तयार होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात नॅन्सी सॉटोस, जेफ्री मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हे दाखवले. त्यांनी ताणलेली लवचीक पट्टी तुटण्यापूर्वी लाल झाली.

या प्रयोगातला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पडताळणीचा आहे. हाच रेणू साखळीला एकाच बाजूने जोडला, तेव्हा पट्टी कितीही ताणली तरी तसा रंग आला नाही. दोन दोरांच्या मध्ये अडकवलेल्या कडीवर ओढ येते, दोराच्या शेवटी लोंबणाऱ्या कडीवर येत नाही, तसेच हे आहे. त्यामुळे रंग उष्णतेने वगैरे नव्हे, तर साखळीतून पोहोचलेल्या बलानेच आला, हे ठामपणे सांगता आले.

ठिबकच्या नळीला मात्र हा रेणू उपयोगी पडणार नाही. अतिनील किरणांनीही त्याचे वलय उघडते आणि दृश्य प्रकाशात ते पुन्हा मिटते, त्यामुळे उघड्या रानात रंग ताणाने आला की उन्हाने, हे कळायचे नाही. शिवाय उन्हापासून बचावासाठी नळीत काजळी मिसळलेली असते, आणि त्या काळ्या रंगात लाल छटा दिसणार कशी?

क्रेटपुरता मात्र पांढरा चट्टा हाच इशारा धरावा आणि थप्पी लावताना असा क्रेट तळाशी ठेवू नये.